ओसरीवर आले ते कोनते गुरुजी

मी पातूरकडल्या खेड्यातली. बापाची काळी जमीन होती, कपाशी पिके, तूर पिके, खायाप्याले कमी नव्हतं, पन पोरीनं आठवीत जावं हे काई बापाले पटे ना. मी पातूरच्या शाळेत पायी जाओ. मले शाळा लय आवडे, काय सांगू बाई तुम्हाले, सुट्ट्या लागल्या का घरी करमे ना. आता अकोल्यात अंगणवाडीत हाओ ते त्याच शाळेच्या भरवशावर. पन सध्या माह्या डोक्याचा नुसता भुगा झाला, म्हनून सांगून राह्यली.

झालं काय, मी मोठी झाली आन बापानं शाळा बंद केली. मंग एक दिवस ओसरीवर शाळेतले कोनीतरी गुरुजी आले. आमच्याकडं बाहेरचा मानूस आला का मोठ्या पोरीनं ओसरीवर येऊ नाई, मायनंही नाई, चहा बी बापच आत येऊन घेऊन जाये. मी आन माय चुलीपाशी, आवाज तेवढा ये. दादा, मी हात जोडतो, पोरगी हुशार हाय, तिले घरी नका बसवू. लय नरम आवाज, रडवेलाच म्हना. बाप पहिले तडकला, पन दुसऱ्या दिवशी म्हने, जाय शाळेत. कोनते गुरुजी आले होते हे बापाले इचारायची कोनाची छाती होती?

आन इचारायचं तरी काहून? मले माहीतच होतं ना. मराठीचे गुरुजी. त्याइच्यासारखं गोड कोनी बोलेच ना, कविता शिकवता शिकवता डोळे पुसत. दुसरे होते गनिताचे, ते तर बाप्पा इतके खेकसत का खिडकीतल्या चिमन्या उडून जात. त्याइले पाहून मी रस्ता बदले. मंग दहावी झाली, लगन झालं, नोकरी लागली, आन दर गुरुपौर्णिमेले मी नारळ घेऊन मराठीच्या गुरुजीच्या घरी. तुमच्यामुळं शिकली, म्हनो. ते हसत, डोक्यावर हात ठेवत.

औंदा आमच्या वर्गाचा मेळावा झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला पोराइनं, पोरं म्हंजे आता सगळे टकले. मराठीच्या गुरुजीले शाल-श्रीफळ देल्लं आन मले म्हने, तू बोल. मी पहिल्यांदाच ते ओसरीचं सगळं सांगतलं, रडली बी. टाळ्या झाल्या. खाली उतरली त गुरुजी हळूच म्हनतात, बाई, मी तुया घरी कधी आलोच नाई, मले तुयं घर बी माईत नाई. गनिताचे गुरुजी सायकल घेऊन खेड्याखेड्यानं फिरत, त्याइले इचार.

आता सांगा! तो नरम आवाज आन ते? मले पटेच ना. बाप तर गेला, इचारू कोनाले? माय म्हने, मी तरी कुठं पाह्यलं. मराठीचे गुरुजी मोठेपनानं तर नाई म्हनत नसतीन? आन गनिताचेच असतीन त इतके वर्सं मी त्याइले मनातल्या मनात शिव्याच देल्या ना! काईच समजून नाई राह्यलं.

मागच्या आठवड्यात गेली गनिताच्या गुरुजीच्या घरी. जुन्या शहरात लेकाजवळ राह्यतात, लय थकले. मले वळखलं नाई. मी गावाचं नाव सांगतलं, बापाचं सांगतलं, इचारलं, गुरुजी, आमच्या ओसरीवर तुमीच आले होते का?  ते हळू आवाजात बोलले, तो वयानं नरम झाला का पहिलेपासूनच तसा होता, देव जाने. म्हने, मी लय घरी जाओ, कोनी चहा पाजे, कोनी हाकलून दे, आता कोनतं घर कोनाचं आठवत नाई. मी म्हनलं, म्हंजे आले होते का नाई? त तेच मले इचारतात, त्या घरची पोरगी मंग आली का शाळेत? शिकली का?

मी त्याइच्या समोरच बसली होती. म्हनलं, शिकली गुरुजी. ते म्हने, बरं झालं, जिथी असन तिथी सुखी राहो बिचारी.