कोरमसाठी बोलावलेला कोच

आजच्या निरोप समारंभाचे आणि आपल्या जिमखान्याचेही अध्यक्ष माननीय देवव्रत टिपणीस, सत्कारमूर्ती मर्विन मिस्किटा सर, त्यांच्या पत्नी शर्लीबाई, आपल्या बास्केटबॉल संघाचे सर्व उंच खेळाडू, आणि बटाटेवड्याच्या वासाने सारखं मागे वळून बघणाऱ्या माझ्या मुलुंडकरांनो, मी माणिक राजाध्यक्ष, जिमखान्याची सेक्रेटरी, सर्वांना नमस्कार करते. मला पाच मिनिटं दिली आहेत. माझी पाच मिनिटं केवढी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा जरा टेकून बसा.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सरांचं भरभरून कौतुक केलं. गोराईहून बोट, मग बोरिवली, मग बसने मुलुंड, असं एकोणीस वर्षं हा माणूस येत राहिला. सगळं खरं आहे. पण एक गोष्ट कोणी बोललं नाही, कारण सगळे सभ्य आहेत. गेल्या वर्षी याच माणसाला काढायचा ठराव आला होता. आणणारी मी.

का आणला? तर आपण ओळीने सात सामने हरलो होतो. आपला संघ आता व्यावसायिक लीगमध्ये खेळतो, खेळाडूंना करार आहेत, पगार आहेत. कमिटी मात्र तीच जुनी, सोसायटीच्या मीटिंगसारखी चालणारी. आठवा सामना हरायच्या आत नवा कोच आणायचा, असं माझ्या मनाने घेतलं. बाहेरचा एक नावाजलेला माणूसही मी मनात धरून ठेवला होता. त्याचं नाव आता सांगत नाही, उगाच त्याला उचक्या लागतील.

रविवारी दुपारी मीटिंग. सभासद नऊ, कोरम पाचाचा. आले किती? चार. एकाकडे साखरपुडा, दोघं महाबळेश्वरला, बाकीचे फोनच उचलेनात. टिपणीस साहेब जिमखान्याची जुनी घटना चाळत बसले आणि म्हणाले, अहो, यात मुख्य कोच पदसिद्ध सभासद आहे. खाली कोर्टवर प्रॅक्टिस चालूच आहे, बोलवा की.

आणि मी शहाणी गेले बोलवायला. सरांनी विचारलं, विषय काय आहे? मी म्हटलं, किरकोळ आहे हो, सही करून बसा फक्त.

सर आले, गळ्यात शिट्टी, रजिस्टरवर सही केली, वडा घेतला आणि विषयपत्रिका वाचली. विषय एकच होता. मला तेव्हा धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. टिपणीस साहेब घसा खाकरून म्हणाले, नियमाप्रमाणे तुम्ही बाहेर थांबायला हवं. सर म्हणाले, मी थांबतो, पण मग तुम्ही चारच उरता.

काय करणार? त्यांना समोर बसवून त्यांनाच काढायची चर्चा सुरू झाली. माझा स्वभाव तुम्ही जाणता, एकदा तोंड उघडलं की मला आवरत नाही. मी सगळं बोलले. सात सामने हरलात, म्हटलं. सामन्याला शेवटची दोन मिनिटं उरतात, टाइम-आउट घेता, आणि खेळाडूंना समजवायचा बोर्ड त्या लताच्या हातात देऊन स्वतः पाणी पीत उभे राहता. मग तुम्ही कोच कशाचे?

लता गावडे म्हणजे सरांची सहायक, ती बघा तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसली आहे. आमच्याच कोर्टवर वाढलेली मुलगी. आम्हाला वाटायचं, ती पाण्याच्या बाटल्या आणि टॉवेल बघते.

सरांनी वडा संपवला, हात पुसले. मग म्हणाले, "माणिकताई, शेवटच्या दोन मिनिटांत काय करायचं ते तिला माझ्याआधी दिसतं. दोन वर्षं झाली. मी वाट बघत होतो, तुमच्या कधी लक्षात येतं ते."

मतदान झालं. कोच बदला म्हणणारे मी आणि टिपणीस साहेब. बदलू नका म्हणणारे बाकीचे दोघं सभासद, राजारामभाऊ आणि जेफ्री. दोन विरुद्ध दोन. आणि पाचवा हात वर गेला तो सरांचा, बदला म्हणणारा. स्वतःला काढायला स्वतः मत दिलं या गृहस्थाने. मग लगेच म्हणाले, आता माझा ठराव, नवी कोच लता. राजारामभाऊ आणि जेफ्रीने हात वर केले, सरांचा तिसरा. आम्ही दोघं हरलो.

इथवरचं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल. पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. मीटिंगचा वृत्तान्त लिहिते मी. लिहिताना मी "मुख्य प्रशिक्षक" याच्या आधी "हंगामी" हा एक शब्द घातला. कोणी सांगितला नव्हता. पुरुषांचा संघ, चौतीस वर्षांची मुलगी, उद्या फजिती झाली तर सुटायला वाट असावी, असा माझा हिशेब. आज त्याची लाज वाटते.

सरांनी तो शब्द वाचला. भांडले नाहीत. वर्षभर लताच्या हाताखाली सहायक म्हणून बाकाच्या टोकाला बसले, बाटल्या भरल्या, टॉवेल दिले. फक्त दर सोमवारी माझ्या टेबलापाशी येऊन एवढंच विचारायचे, तिचं कायम नेमणुकीचं पत्र झालं का? मी म्हणायचे, बघू. त्या बघूवर लताने अकरा सामने जिंकले आणि नऊ हरली. हरलेल्या नऊ सामन्यांनंतरच्या सोमवारीही सर आले आणि तेच विचारून गेले.

शर्लीबाई, आता हे संध्याकाळी घरी असतील, गोराईच्या वाडीत भाजी लावतील. तुम्हाला सारख्या सूचना देतील. तक्रारी इकडे आणायच्या नाहीत.

शाल-श्रीफळ अध्यक्ष देतीलच. त्याआधी सर, माझ्याकडचं हे पाकीट घ्या. तुमच्या नावाचं नाही. कालच्या मीटिंगला नऊच्या नऊ सभासद हजर होते आणि एकही हात खाली राहिला नाही. तीन वर्षांचा करार आहे, आणि मी तीनदा वाचून बघितला, त्यात तो शब्द कुठेही नाही. तुमच्या हाताने लताला द्या. ऊठ गं लता, रडतेस काय, पुढे ये.

तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. आणि लिहिण्यात जे चुकलं होतं, सर, ते तुम्ही वर्षभर पोटात घातलंत. आज ते मी खोडलं आहे.