दार आधीपासून उघडंच होतं

— नाही नाही, शपथेवर सांगतो, घडलं तसंच सांगतोय, एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणजे आता दोन वर्षांत शंभरदा सांगून झालंय, तेव्हा थोडंफार तिखटमीठ पडलं असेल, नाही कशाला म्हणू — पण खोटं म्हणाल तर एवढंसुद्धा नाही. बरं, एवढं असेल. त्याहून जास्त नाही. बसा ना, उभे का? ते स्टूल डुगडुगतं, भिंतीला टेकवून बसा. तुमची चावी होईल दहा मिनिटांत — तशी चावी तुम्हाला नकोच आहे, हे तुम्ही पायरी चढलात तेव्हाच कळलं मला. अहो, ही कपाटाची चावी, आणि तीही सरकारी कपाटाची. सरकारी कपाटाला चावी लागते का कधी? त्याला लाथ लागते, डाव्या कोपऱ्यात, खालून वीतभर वर. सव्वीस वर्षं झाली मला या धंद्यात, तुमच्या तपासणी खात्यातलं एकही कपाट असं नाही जे मी — असो. काढा तो लिफाफा. मघापासून खिशातून डोकावतोय बिचारा. ताकाला यायचं आणि भांडं लपवायचं, ही तुमच्या खात्याची जुनी सवय. द्या इकडे. माझा चष्मा — हां, डोक्यावरच आहे.

‘मी, खाली सही करणार चावीवाला, लिहून देतो की त्या दिवशी मी तपासणी पथकासोबत केवळ हजर होतो. नर्सबाईंच्या घराचं दार आधीपासून उघडंच होतं, आणि सदर बाई आधीच पडलेल्या होत्या.’ वा! काय भाषा आहे! आधीपासून. आधीच. तुमच्या मोठ्या साहेबांच्या आयुष्यात सगळं वाईट आधीच घडून गेलेलं असतं, हे आपले मागाहून येऊन पंचनामा करतात. आणि ‘सदर बाई’! अहो, सदर बाईंनी या वस्तीतल्या अर्ध्या लोकांना सुया टोचल्यात, तुम्हालाही टोचली असेल, खालच्या आळीतले दिसता तुम्ही. टोचली ना? मग मान खाली का घालताय, मी काय कुठे टोचली ते विचारत नाहीये.

दोन वर्षं कुठे होता हो हा कागद? दोन वर्षं कोणाला माझ्या सहीची आठवण नव्हती. कशी असेल? बाई कोर्टात गेल्या, पहिल्यांदा — कोर्ट म्हणालं, साहेब कर्तव्यावर होते, कर्तव्यावरच्या माणसावर दावा लावायचा तर आधी त्याच्याच खात्याची परवानगी आणा. म्हणजे लांडग्यावर तक्रार करायची तर लांडग्याच्या काकांचा दाखला पाहिजे. काकांनी नाही दिला. बाई दुसऱ्यांदा गेल्या, त्या चार पायांच्या वॉकरच्या आधाराने — तेव्हा काय सांगितलं? साहेबांनी जे केलं ते सद्भावनेनं केलं. सद्भावनेनं! बाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेही सद्भावनेनं. मी म्हणतो, दुर्भावनेनं काय करतात हो तुमच्याकडे? आणि आता तो नवा कायदा आला, ढाल गेली, ज्यानं केलं त्यानं स्वतः पिंजऱ्यात उभं राहून उत्तर द्यायचं, जुन्या दाव्यांनाही तेच लागू — लगेच साहेबांची पाचावर धारण बसली. सोमवारी तारीख, आणि आज शुक्रवारी तुम्ही माझ्या दुकानात. कपाटाची चावी घेऊन.

साहेबांचा राग नका धरू म्हणता? छे, राग कसला. राग बरोबरीच्या माणसाचा धरतात. तुमच्या साहेबांचं मी काय पाहिलंय माहितेय? ऐका, हे खरंखुरं आहे. एकदा ऑफिसच्या संडासात अडकले. कडीचा खटका तुटला, आतून उघडेना. बाहेर सात माणसं उभी. एक म्हणाला, तोडू या दार. दुसरा म्हणाला, थांबा, दार सरकारी मालमत्ता आहे, तोडायला लेखी परवानगी लागते. परवानगी कोणाची? विभागप्रमुखांची. विभागप्रमुख कुठे आहेत? आत. मग काय, अर्ज टाईप केला, दाराखालच्या फटीतून आत सरकवला, आणि साहेबांनी आतून तो परत पाठवला — का? तारीख लिहिली नव्हती म्हणून! हसताय ना? हसा, हसा, आता कोण बघतंय. मला बोलावलं तोवर तीन तास झाले होते. — बरं, तास. एक तास. पण अर्ज परत पाठवला हे खरं. आणि मी दार उघडल्यावर पहिला प्रश्न काय विचारला त्यांनी मला? ‘तुला आत यायची परवानगी कोणी दिली?’ तर सांगायचा मुद्दा असा, की संडासाचं दार तोडायला यांना सहीशिक्का लागतो, आणि माणसाच्या घराचं दार उघडायला? तिथे काही नाही. तिथे फक्त मी.

आता माझं ऐका. माझा एक नियम आहे. कोणी म्हणालं, माझं घर आहे, किल्ली हरवली, उघडून दे — तर मी आधी शेजाऱ्याला बोलावतो. शेजाऱ्यानं म्हटलं पाहिजे, हो, हा इथेच राहतो. मग तीनदा दार वाजवायचं. तिसऱ्या वेळेनंतर शंभर आकडे मोजायचे. मगच पत्ती कुलपाला लावायची. एक गृहस्थ अंघोळीनंतर बाहेर पेपर घ्यायला आले आणि मागून दार लागलं. अंगावर टॉवेल, बाकी आनंद. त्यांनाही मी म्हणालो, शेजारी बोलवा. ते म्हणाले, शेजारी म्हणजे माझी मेहुणी. मी म्हणालो, मेहुणी तर मेहुणी. बोलावलं बिचाऱ्यांनी. माझ्या बायकोला वाटतं मी गंमत म्हणून करतो हे. गंमत नाही हो. मी चुकीचं दार उघडलं तर ती घरफोडी, सरळ आत. साहेबांनी चुकीचं दार उघडलं तर ते कर्तव्य. मला कधी कोणी ढाल दिली होती? माझी ढाल म्हणजे शेजारी.

चहा? नको? बरं.

तर त्या दिवशी. सकाळचे साडेदहा. साहेब स्वतः आले, मागे पाच जण, तुम्ही नव्हता त्यात, तुम्ही नंतर लागलात वाटतं. म्हणाले, चल, एक विनापरवाना छापखाना आहे, आतून बंद करून बसलाय. छापखानेवाल्याचा गुन्हा काय, तर त्यानं साहेबांच्या बंगल्याची गच्ची किती बेकायदा आहे त्याचं मापासकट पत्रक छापलं होतं. झडतीचा हुकूम होता का? कसला हुकूम! तीन मजली इमारत, दुसरा मजला, जिन्यात ताज्या रंगाचा असा वास की डोळ्यांत पाणी. साहेबांना कोणीतरी सांगितलेलं, जिन्याच्या डाव्या हाताचं दार. मी विचारलं, साहेब, डावा हात कोणाचा? चढणाऱ्याचा की उतरणाऱ्याचा? कारण सांगणारा त्याच इमारतीतला, तो रोज उतरतानाच बघणार ना ते दार! साहेब म्हणाले, तू कुलूप बघ. झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी. चढणाऱ्याच्या डाव्या हाताला नर्सबाईंचं घर. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले, एकट्या. आणि समोरच्या दाराआड छापखानेवाला छान बसून ऐकत होता सगळं.

मी म्हणालो, साहेब, शेजाऱ्याला बोलवा, माझा नियम आहे. साहेब म्हणाले, तुझा नियम गेला खड्ड्यात. मी म्हणालो, मग मी नाही उघडत. हो, म्हणालो! आणि तेव्हा — हे सगळ्या नाक्याला ठाऊक आहे, कोणालाही विचारा — तेव्हा साहेबांनी पिस्तूल काढलं आणि माझ्या कानशिलाला लावलं. इथे. थंडगार. म्हणाले, उघड. काय करणार माणूस? पोराबाळांचा धनी मी. उघडलं. दार आत उघडणारं. साहेबांनी खांद्यानं दणका दिला. आणि बाई दाराच्या अगदी पाठीमागे. वॉकरसकट आडव्या. तो आवाज — जाऊ दे. कुलपावर मात्र एक ओरखडा नाही, बरं का. तुमच्या वकिलांनी भिंग लावून बघितलं म्हणे. नाहीच सापडणार. माझ्या हातचं काम आहे ते. म्हणून तर तुमच्या साहेबांना हे सुचलं ना, ‘आधीपासून उघडंच होतं’? दुसऱ्या कोणा आडमुठ्यानं उघडलं असतं तर कुलूपच साक्षीला उभं राहिलं असतं. आता उभा राहणार फक्त मी. आणि माझी ख्याती तर तुम्हाला ठाऊकच आहे.

काय? साहेब कसे उभे होते म्हणजे? माझ्या शेजारी, चिकटून. एका हातात फाईल धरलेली, ती गच्चीची मापं वगैरे असलेली, आणि दुसऱ्या हातानं रुमाल नाकाला, रंगाच्या वासानं — सांगितलं ना मघाशी, डोळ्यांत पाणी येत होतं असा वास —

काय म्हणालात?

मग पिस्तूल काय तिसऱ्या हातात.

हं.

हसू नका. नाही, हसा, तेवढं कमावलंत तुम्ही. बुद्धी आहे तुम्हाला, त्या खात्यात फुकट चाललीय. आणि हेही ठाऊक असणार तुम्हाला, की तपासणी खात्याला पिस्तुलं देतच नाहीत. वही देतात आणि मोजपट्टी देतात. सोमवारी तुमचे वकील उठतील, म्हणतील, पिस्तूल कुठलं? नोंद दाखवा. आणि पिस्तूल खोटं ठरलं की मी खोटा, मी खोटा की दार उघडं, दार उघडं की साहेब सुटले. सही मिळाली नाही तरी काम झालं. त्यासाठीच बोलतं केलंत ना मला? आणि मी मूर्ख, स्टूल देऊन, चहा विचारून — बाईंच्या वकिलांनी पण तेच लिहून घेतलंय माझ्याकडून, पिस्तूल, कानशील, थंडगार, सगळं. बाईंनी निरोप पाठवला होता. म्हणे, चावीवाल्याला सांगा, त्याच्यावर माझा राग नाही, त्या बिचाऱ्याला तर जिवाची भीती घातली होती. बिचारा म्हणाल्या मला. पलंगावर पडून. दोन वर्षांत जाऊन आलो नाही मी. नियमात बसत नव्हतं म्हणा.

तो कागद उलटा करा. मागची बाजू कोरी आहे ना? लिहा. नाही, तुम्हीच लिहा, तुमच्याच साहेबांना नेऊन द्या, आजच, म्हणजे सोमवारी त्यांना धक्का नको बसायला. संध्याकाळी मी बाईंच्या वकिलांकडे जातो आणि तिथेही हेच सांगतो. लिहा: पिस्तूल नव्हतं. ‘उघडत नाही’ असं मी म्हणालो नाही. शेजाऱ्याला बोलवा असंही म्हणालो नाही. दारही वाजवलं नाही. डावा हात कोणाचा, ते मात्र विचारलं होतं, तेवढं राहू द्या. साहेब म्हणाले, किती वेळ लागेल रे? मागचे पाच जण बघत होते. मी म्हणालो, अकरा सेकंद. त्यांच्यातल्या एकानं घड्याळ लावलं. मग साहेब म्हणाले, उघड. एवढंच. आवाजही चढवला नव्हता. कुत्र्याला म्हणतात तसं पण नाही, कुत्र्याला निदान नाव घेऊन म्हणतात.

मला त्यात गोवतील? गोवू द्या की. त्यांची ढाल गेली म्हणून माझी कुठून यायची? नव्हतीच ती. साहेब शेजारी उभे राहतील पिंजऱ्यात, दोघांना एकच पिंजरा, रंगाचा वास नसेल तर रुमालही लागणार नाही. लिहिताय ना? एक राहिलं. सातव्या सेकंदाला आतून बाई म्हणाल्या, ‘आले हं, थांबा जरा.’ इतकं दाराजवळून, की मला त्यांचा श्वास ऐकू आला. अकराव्याला मी उघडलं. मागून कोणीतरी ‘वा’ म्हणालं.

आता उठा. चावी झाली नाही तुमची, होणारही नाही. लाथ मारायची जागा सांगितलीय. निघा.