कोणतं पाप ते सांगा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या.

"ताई, काल मी प्रवचनकारांना भेटून आले."

"तू? कारखाना बंद पडून भावजींचं काम गेल्यापासून तू तिकडे फिरकली नव्हतीस ना?"

"कशी जाणार? त्यांनीच भर सभेत सांगितलं होतं की, देव ज्याच्यावर प्रसन्न असतो त्याच्या घरी काही कमी पडत नाही. तेव्हापासून आम्ही दोघं आठवत बसलोय, आपल्या हातून कोणतं पाप घडलं ते."

"मग, सापडलं?"

"मी एकदा सासूबाईंना उलट बोलले होते, तेवढंच."

"त्यानं दारिद्र्य येत असतं तर अर्धं गाव भिकेला लागलं असतं."

"हसू नकोस गं. काल सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, कोणतं पाप ते सांगा, म्हणजे प्रायश्चित्त घेऊन मोकळे होऊ."

"काय म्हणाले?"

"आधी मला समोर बसवलं. मग म्हणाले, 'बाई, माझे वडील हमाल होते. त्यांच्याइतका देवाचा माणूस मी पाहिला नाही, आणि ते गेले तेव्हा घरात दाणा नव्हता.'"

"मग सभेत तसं कशाला बोलायचं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, 'पुढच्या रांगेतल्या पैसेवाल्यांना ते ऐकायला आवडतं. चुकलं माझं.'"

"भावजींना सांगितलंस?"

"जेवताना सांगितलं. हातातला घास तसाच धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, 'आणखी थोडी भाजी वाढ.' किती महिन्यांनी मागून घेतलं गं त्यांनी."