डोळे आलेल्या किरणचा डेक

तुमी हसाल, पण मोबाईलवर पत्ते खेळताना मी आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरलोय.

विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये ऑनलाइन कार्ड गेमची टीम स्पर्धा होती. फायनलची शेवटची मॅच माझा दोस्त किरण खेळणार होता, आणि त्याच सकाळी त्याचे डोळे आले. स्क्रीनकडं बघवेना. बदली खेळाडू मी. पण नोंदवलेला डेक, म्हणजे निवडलेल्या पत्त्यांचा संच, बदलता येत नव्हता; त्याचेच पत्ते खेळायचे, जे मी कधी वापरलेच नव्हते.

"किरण्या, हा डेक चालतो कसा?"

"आपलाच जीव घालवून ताकद घ्यायची. भिऊ नको, गड्या."

तीस जीव होते, चार चालींत दोनच उरले. समोरचा कवठे महांकाळचा पोरगा एका हल्ल्यात मला संपवणार होता. वर्षभर राबलेला किरण काळा चष्मा लावून दाराशी उभा होता, त्याच्याकडं बघायची हिंमत होईना. चालीचा सगळा वेळ एकाच राक्षसाच्या पत्त्यावर बोट धरून बसलो आणि शेवटच्या सेकंदाला तो टाकला.

समोरच्यानं हल्लाच केला न्हाई. सगळी ताकद बचावाला लावली. पुढच्या चालीला माझा राक्षस तो बचाव फोडून गेला आणि आम्ही जिंकलो.

पोरगा घामाघूम होऊन माझ्याकडं आला. "कसला सापळा लावला हुतास रं? एवढा विचार करत हुतास, लय भ्यालो मी."

"सापळा कुठला? त्या पत्त्यावर काय लिवलंय ते वाचत हुतो. अर्धंच वाचून झालं."