संदेशची सही

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे केंद्रप्रमुख साहेब, सरपंच, माझे सहकारी शिक्षक आणि ओढ्यापलीकडच्या आपल्या वस्तीतून आलेल्या आयाबहिणींनो, बंधूंनो, सर्वांना जय भीम, नमस्कार.

निवृत्तीची शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. सावळाराम गुरुजींनी एकतीस वर्षांत वस्तीतला अंगठा घालवला, असं माझ्याआधी चौघांनी सांगितलं. खरं आहे. पोरानं पहिली सही केली की मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावायचो. अंगठा लावणं म्हणजे मान खाली घालणं, हे मीच शिकवलं.

संदेश त्यातला सर्वांत हुशार. बारावी झाला. एमआयडीसीच्या अलीकडं एका भाड्याच्या शेडमध्ये जनावरांच्या औषधाचा कारखाना निघाला, तेव्हा त्याला शिफारशीची चिठ्ठी मीच दिली. मालकानं माणसं घेतली ती फक्त वस्तीतली. केवढा अभिमान वाटला आम्हाला! आता कळतं. बाबांनो, तुमच्या हाताला हा कसला वास येतो, हे विचारायला गावातलं कोण आमच्याकडं येणार होतं?

संदेशची आई द्वारकाबाई तिथंच गोळ्या डब्यात भरायची. एक दिवस मालकानं इंग्रजी कागद तिच्यापुढं केला. ती म्हणाली, "मला न्हाय येत, सायेब." पोरगा हसला. "आणा हिकडं, मी करतो." उत्पादनप्रमुख म्हणून त्यानं पूर्ण नावाची, वळणदार सही केली. संध्याकाळी पेढे घेऊन माझ्या घरी आला. मी खाल्ले, अध्यक्षमहाराज.

पुढचं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंत. त्र्याण्णव साली धाड पडली. औषध म्हणजे बंदी असलेल्या नशेच्या गोळ्या निघाल्या. मालकाचं नाव एकाही कागदावर नव्हतं. तो आजवर सापडला नाही. अंगठेवाले दोन दिवसांत सुटले. संदेशला दहा वर्षं. गेल्या महिन्यात अपीलही फेटाळलं. आरोपी शिकलेला आहे, कशावर सही करतोय हे त्याला कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही, असं निकालात लिहिलंय. शिकवणारा मीच ना?

परवा द्वारकाबाई येरवड्याला पोराला भेटून आली. मी गेलो, तर मला बसायला पोतं अंथरता अंथरता म्हणाली, "गुरुजी, माज्या पोराला अडाणी ठिवला आस्ता, तर आज घरी आस्ता." रागानं नाही, सरळ बोलली. मी म्हणालो, तसं नाही बाई. पण तसं का नाही, हे मला सांगता आलं नाही. वाईट वाटतं हो.

ती मागं दाराशी उभी आहे. कुणीतरी खुर्ची द्या तिला.

असो. मांडव घालणाऱ्या पोरांचे, चहापाणी बघणाऱ्या बायकांचे, तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला. शिकवण्यात झालं, ते मात्र माफ करू नका. ती माफी संदेशनं द्यायची, आणि त्याची अजून सहा वर्षं बाकी आहेत.