तोरू पाऊल टाकत नाही

अनारकुल : दोरी हाताला गुंडाळू नकोस.

एसेनबेक : गुंडाळली नाही, धरलीय.

अनारकुल : मनगटाला वेढा दिसतोय मला. तो बिथरला तर दोरीबरोबर तूही फरफटत जाशील. घडी कर आणि नुसती मुठीत धर.

एसेनबेक : वहिनी, लहानपणापासून घोडीच वळतोय मी. हा तुमचा तोरू मात्र काल जन्मल्यासारखा वागतोय. नदीकाठाला आला की याचे पाय मातीत रुततात. बघा, कान बघा कसे पाडलेत.

अनारकुल : मग ओढू नकोस. समोरून तोंड ओढलंस की तो मागेच जाणार. त्याच्या खांद्यापाशी उभा राहा आणि थोडा दम खाऊ दे.

एसेनबेक : दम खायला वेळ आहे कुठे? खिंडीतून वारा सुटलाय. ही गोठलेली नदी इथेच ओलांडायची सोडून पुलावरून जायचं तर पार खालपर्यंत उतरावं लागेल, मग अंधारच. तिकडे काकांनी माणसं बोलावून ठेवलीत, कढया मांडल्यात. उद्या दादाच्या वर्षाचं जेवण, आणि ज्याला कापायचं तोच अजून नदीच्या अलीकडे.

अनारकुल : माहितीय मला. मीच आणतेय ना त्याला? नाही म्हटलं का मी?

एसेनबेक : नाही म्हणालात असं नाही. पण सकाळपासून तुमचं काय चाललंय? लगामाची कडी कोटात घालून ऊब दिलीत. खुरांना मेंढीची चरबी चोळलीत. उद्या मरणार त्याचे एवढे लाड कशाला?

अनारकुल : थंड लोखंड जिभेला चिकटतं, कातडी सोलून निघते. उद्या मरणार म्हणून आज जीभ सोलायची का त्याची? आणि चरबी लावली नसती तर खुरात बर्फाचे गोळे बसले असते, मग घसरला असता तुझ्याच अंगावर.

एसेनबेक : बरं बाई, चुकलं माझं. तोरू, चल बाबा. हट्. चल.

अनारकुल : चाबूक नको.

एसेनबेक : मारत नाही, दाखवतोय.

अनारकुल : दाखवूही नकोस. बघ, घामाघूम झालाय. या वाऱ्यात ओला घोडा उभा राहिला तर रात्रीपर्यंत पोटदुखी धरेल.

एसेनबेक : मग त्याला चालायला सांगा ना. असंच केलं असणार यानं दादा गेला त्या दिवशीही. ऐन नदीत अडला, दादाला खाली टाकलं आणि स्वतः सुखरूप घरी. सगळं गाव तेच म्हणतं.

अनारकुल : गाव नव्हतं तिथे.

एसेनबेक : तुम्हीही नव्हता.

अनारकुल : नव्हते. पण तो दारात आला तेव्हा त्याला पहिला हात मी लावला. खोगीर कोरडं होतं. आणि लगाम मानेवर नव्हता, डोक्यावरून पुढे आलेला, जमिनीला लागत होता. खोगिरावरून माणूस पडला तर लगाम मानेवरच राहतो, एसेनबेक. पुढे कधी येतो? माणूस उतरून हातानं चालवत असेल तेव्हाच.

एसेनबेक : हे कधी बोलला नाहीत.

अनारकुल : बोलले होते. मातीच्या दिवशीच, काकांना. ते म्हणाले, सुनबाई, आत जाऊन चहाचं बघ.

एसेनबेक : मी कुठे होतो?

अनारकुल : तूही तिथेच होतास. मान खाली घालून रडत होतास. तुला काय ऐकू येणार.

एसेनबेक : ...गोधडी द्या ती. टाकतो त्याच्या पाठीवर.

अनारकुल : बाजूनं जा, मागून नको. आधी हात ठेव त्याच्यावर, तू आहेस हे कळू दे त्याला. हं, आता टाक.

एसेनबेक : थरथरतोय.

अनारकुल : थंडीनं नाही.

एसेनबेक : पण वहिनी, कालच इथून अख्खी मेंढरं गेलीत पलीकडे. माग बघा ना. बर्फ पक्का आहे.

अनारकुल : मेंढराचं वजन किती आणि याचं किती?

एसेनबेक : थांबा. मीच जाऊन बघतो. काठी द्या.

अनारकुल : असा नको जाऊस. ही दुसरी दोरी कमरेला बांध, टोक माझ्याकडे दे. आणि पाय उचलू नकोस, सरकत जा.

(एसेनबेक काठी आपटत बर्फावर सरकत जातो. चार-पाच पावलांवर काठीचा आवाज बदलतो.)

अनारकुल : ऐकलंस?

एसेनबेक : ऐकलं.

अनारकुल : पुन्हा मार, हळू.

एसेनबेक : पोकळ वाजतंय. रिकाम्या पिंपावर मारल्यासारखं. वहिनी, बर्फाला लागून पाणीच नाही. बर्फ धरला आणि मग नदी उतरली. नुसतं वरचं झाकण उरलंय अधांतरी.

अनारकुल : मागे ये. वळू नकोस, तसाच मागे सरक.

एसेनबेक : येतोय.

अनारकुल : बोलत बोलत ये.

एसेनबेक : येतोय म्हटलं ना. दोरी ताणा जरा. हं. ...आलो.

अनारकुल : बस. बस खाली. हात दे इकडे.

एसेनबेक : दादा याच वळणाखाली सापडला होता.

अनारकुल : हो.

एसेनबेक : म्हणजे हा असाच अडला असणार. आणि दादा उतरला, बघायला गेला. आता मी गेलो तसा.

अनारकुल : त्याच्या कमरेला दोरी धरायला कोणी नव्हतं, एवढाच फरक.

एसेनबेक : वर्षभर मी या घोड्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तुमच्या अंगणात आलो तरी पाठ करून बसायचो. उद्या सुरी मीच धरणार, असं काकांना सांगून ठेवलंय. मागून घेतलं होतं मी ते काम.

अनारकुल : ठाऊक आहे.

एसेनबेक : तरी घेऊन निघालात?

अनारकुल : मेलेल्याचा घोडा वर्षाच्या जेवणाला लागतो. ती रीत काही माझी नाही. नाही म्हटलं असतं तर म्हणाले असते, नवऱ्यापेक्षा जनावर प्यारं झालं हिला. आज सकाळपर्यंत मी मनाशी तेच म्हणत होते, हा त्याच्या मानाचा घोडा, मानानं जाऊ दे.

एसेनबेक : त्याच्या जागी माझा करडा घोडा आहे.

अनारकुल : तुझा करडा चांगला आहे. उन्हाळ्यात त्याच्यावर बसून तू मेंढरं वर नेणार आहेस.

एसेनबेक : मेंढरं चालत नेईन. काकांशी मी बोलतो.

अनारकुल : काका ऐकायचे नाहीत.

एसेनबेक : मग इथे आणून उभं करतो त्यांना, हातात काठी देतो. आणि नाहीच ऐकलं तर सुरी माझ्याकडे आहे, वहिनी. माझा हात कोणत्या घोड्याकडे जाईल ते मी ठरवणार.

अनारकुल : लोक बोलतील.

एसेनबेक : बोलू देत.

अनारकुल : तुला नाही रे, मला बोलतील.

एसेनबेक : मग तुमच्या जागी चहा द्यायला मी उभा राहीन उद्या. जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोलतील.

अनारकुल : तू आणि चहा. सांडशील सगळ्यांच्या अंगावर.

एसेनबेक : सांडीन. ...वहिनी, घाबरला असेल का हो दादा?

अनारकुल : घाबरलेला माणूस खोगीर सोडत नाही. तो उतरला, घोड्याला काठावर ठेवलं आणि एकटा पुढे गेला.

एसेनबेक : हं.

अनारकुल : गोधडीखाली हात घाल. पाठ सुकली का बघ.

एसेनबेक : सुकलीय. गरम आहे.

अनारकुल : मग वळव त्याला. घरी जाऊन कोमट पाणी द्यायचंय.