अर्थिंगला पाणी

माझं माहेर पिशोरचं. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन सालं झाली तव्हा माझा जन्म, असं आई म्हणायची, नक्की साल तिलाबी ठावं नव्हतं. बारा-तेराची असताना लगीन झालं अन् फुलंब्रीजवळच्या या गावात आले, ते इथंच. काय सांगू तुम्हाला, सासूनं मला लई राबवलं, म्हणून मीबी सुनेला राबवलं, त्यात मला काय वावगं वाटलं नाय. शोभा नाव तिचं, हर्सूलची. मी तिला शहरवाली म्हणून टोचायची.

गावात लाइट व्हती पण खांबावरची न्यूटल, म्हंजी करंट माघारी जायची तार, तुटलेली, अर्ज देऊन देऊन कुणी येईना, मंग समद्यांनी केलं तेच माझ्या पोरानं केलं, परसात मोरीमागं लोखंडाची पहार ठोकली, घरातली वायर आणून तिला बांधली, झाली अर्थिंग. जमीन वाळली की पंखा मंद व्हायचा, मंग पहारीच्या बुडाला घागरभर मिठाचं पाणी वतायचं, की पंखा गरगर फिरायचा. हे काम शोभाचं.

म्हैसबी तिथंच बांधायचो. उन्हाळ्यात म्हैस पाय आपटायला लागली, पाण्याला तोंड लावलं की मागं सरायची, दूध निम्म्यावर आलं. पोरगा म्हणला आई, खालून करंट लागतोय तिला. त्याच दिवशी म्हैस पुढं लिंबाखाली नेली.

त्याच आठवड्यात शोभा म्हणली, आत्याबाई, तिथं गेलं की पायाला मुंग्या येतात, गुडघ्यापत्तूर कळ जाती. मी म्हणलं, काम सांगितलं की बऱ्या मुंग्या येतात तुला. पुन्हा म्हणली, स्लिपर तरी घेऊन द्या. म्हणलं, परसात जायला स्लिपर लागती, तू काय कलेक्टरीण हाय? व्हय, माझ्याच तोंडानं बोलले. म्हशीचं ऐकलं, तिचं नाय ऐकलं.

भर दुपारची गोष्ट. मी पंख्याखाली पडलेली, तिची दीड वर्साची पोर बाजूला निजलेली. पंखा मंद झाला, मी वरडले, शोभे, पाणी टाक. ती घागर घेऊन गेली. पंखा काय वाढंना. पुन्हा वरडले. तरी वाढंना, मंग शिवी दिली, तिच्या मायला धरून दिली. ती तव्हा पहारीपाशी पडलेली व्हती, हात चिकटलेला, अन् मी आत पडून शिव्या देत व्हते.

पंचनाम्याला वायरमन आला. म्हणला, बाई, मातीतबी करंट उतरतो, पहारीजवळ जास्त, लांब कमी, एका पायाखाली जास्त अन् दुसऱ्याखाली कमी झाला की अंगातून जातो, जनावराचे पुढचे-मागचे पाय एकमेकापासून लांब, त्याला आधी कळतं. मंग त्यानं इचारलं, खुंटा तर इथं हाय, म्हैस तिकडं कामून? मी लिंबाखालच्या म्हशीकडं बघितलं. त्याला काय कळायचं ते कळलं, चहाबी घेतला नाय त्यानं.

पोर मामानं नेली, हर्सूललाच वाढली. पोरानं दुसरं लगीन केलं, तो वाळूजला ऱ्हातो, मी इथं एकली. मागच्या महिन्यात नात लग्नाची पत्रिका घेऊन आली. जाताना म्हणली, आजी, आईला आधी कधी काय जाणवलं व्हतं का, काय बोलली व्हती का ती? मी म्हणलं, नाय गं, कधीच काय बोलली नाय. तुम्हाला खरं सांगितलं, तिला नाय सांगवलं. ती वाकून पाया पडली. मी डोक्यावर हात ठिवला अन् म्हणलं, सुखी ऱ्हा, सासू चांगली भेटू दे तुला.